चार्गॉगागॉग... पुढे काय? वेबस्टर तलावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या तळ्याचं नाव मी कुणासमोर काढलं की पुढचा अर्धा तास तेच तेच प्रश्न येतात, आणि नंतर व्हॉट्सॲपवर परत तेच, म्हणून एकदाच सगळं बसून लिहून काढलंय. मला हे नाव मनापासून आवडतं. त्याची गंमत आवडतीच, पण त्या गमतीच्या खाली जे दडलंय ते जास्त आवडतं, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

हे तळं आहे तरी कुठे?

अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिण टोकाला वेबस्टर नावाचं साधारण १७,००० वस्तीचं गाव आहे, तिथे. कनेटिकट राज्याची हद्द इतकी जवळ आहे की दक्षिणेकडे थोडं पुढे गेलात की राज्य बदलतं. हायवे म्हणाल तर ३९५. परगणा वुस्टर, आणि इथेच पहिली गंमत बघा, या परगण्याच्या नावाचं स्पेलिंग वाचलं तर 'वॉर्सेस्टर' व्हायला पाहिजे पण इथली माणसं मधली अर्धी अक्षरं गिळून 'वुस्टर' म्हणतात, आणि त्याच परगण्यातल्या तळ्याचं नाव मात्र एकही अक्षर न सोडता छाती फुगवून पूर्ण म्हणतात.

पूर्ण नाव काय?

चार्गॉगागॉगमॅनचॉगागॉगचॉबुनागुंगामॉग.

रोमन लिपीत ४५ अक्षरं. मी पेन घेऊन मोजलीत. त्यातले १५ 'जी' आहेत आणि ९ 'ए', आणि 'ई' किंवा 'आय' एकदाही नाही, म्हणजे एवढं सगळं नाव फक्त ए, ओ, यू या तीन स्वरांवर उभं आहे.

पण हे म्हणायचं कसं?

इथे आपण मराठी माणसं फायद्यात आहोत. इंग्रजीत वाचणाऱ्याला ४५ अक्षरांची न तुटणारी माळ दिसते आणि तो दहाव्या अक्षराला दमतो, पण देवनागरीत लिहिलं की मी मोजली तशी फक्त १८ अक्षरं होतात आणि त्यातले १० नुसते ग, कुठे काना, कुठे अर्धचंद्र, कुठे अनुस्वार घेऊन आलेले. तीन तुकडे करायचे. पहिला चार्गॉगागॉग, दुसरा मॅनचॉगागॉग, तिसरा चॉबुनागुंगामॉग. पहिल्या दोघांची शेपटी एकच आहे, 'गागॉग', ती एकदा बसली की निम्मं काम झालं. तिसरा तुकडा वेगळ्या चालीचा आहे, तिथे 'गुं' वर जोर द्यायचा आणि मग 'गामॉग' वर उतरायचं.

'चटईला टाचणी टोचली' लहानपणी म्हटलेल्या जिभेला हे अवघड नाहीये. घाई फक्त करायची नाही. लहान मुलं तर मोठ्यांच्या आधी शिकतात, कारण ती स्पेलिंग बघत नाहीत, ऐकतात आणि म्हणतात.

त्याचा अर्थ "तू तुझ्या बाजूला मासे धर, मी माझ्या बाजूला धरतो, मधे कुणीच धरायचे नाहीत" असा आहे ना?

नाही! हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. हा अर्थ विनोद म्हणून रचलेला आहे. लॉरेन्स डेली म्हणून 'वेबस्टर टाइम्स' या गावच्या पेपरचे संपादक होते, त्यांनी १९२० च्या दशकात तो गमतीत लिहिला आणि अख्खं जग त्या विनोदाच्या गळाला लागलं. इतर पेपरांनी उचलला, पर्यटकांनी उचलला, शाळेतली पोरं पाठ करायला लागली, आणि आज शंभर वर्षांनीसुद्धा तो 'मूळ आदिवासी भाषेतला अर्थ' म्हणून लोक शपथेवर सांगतात.

विनोद चांगला आहे हे मान्यच. मला तर त्याची बांधणी फार आवडते, कारण नावात तीन तुकडे आणि वाक्यात पण तीन तुकडे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतंच की पहिला तुकडा म्हणजे तू, दुसरा म्हणजे मी आणि तिसरा म्हणजे मधलं पाणी. पहिल्या दोन तुकड्यांची शेपटी सारखी, वाक्यातही पहिली दोन वाक्यं सारखी. इतकं चपखल बसल्यावर कोण कशाला शंका घेईल?

मग खरा अर्थ काय?

आधी एक गोष्ट. तीन तुकड्यांमधलं जुनं आणि अधिकृत नाव फक्त शेवटचं आहे, चॉबुनागुंगामॉग. अमेरिकेच्या सरकारी नोंदीतही लेक चॉबुनागुंगामॉग असंच आहे. हा शब्द निपमक लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा, त्यांची भाषा अल्गाँक्वियन कुळातली. शब्दाच्या शेवटी जे 'अमॉग' ऐकू येतं ना, ते म्हणजे मासे धरायची जागा, आणि आधीचा भाग हद्दीबद्दलचा. म्हणजे साधारण 'हद्दीवरची मासे धरायची जागा'. निपमकांची हद्द आणि शेजारच्या जमातींची हद्द जिथे भिडते तिथलं पाणी, जिथे यायचं, भेटायचं, मासे धरायचे.

डेलींच्या विनोदात मासे पण आहेत आणि हद्द पण आहे, खऱ्या अर्थातही नेमके तेच दोन. पण दिशा बरोब्बर उलटी झालीय. विनोद सांगतो आपापल्या बाजूला थांबा, मधे येऊ नका. खरं नाव सांगतं हद्द इथे आहे आणि मासे पण इथेच आहेत, म्हणजे यायचं ते इथेच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला, कारण तोवर मी पण तो विनोद पंचवीस जणांना अर्थ म्हणून सांगितला होता, आणि त्यानंतर ज्यांना ज्यांना सांगितला होता त्या सगळ्यांना फोन करून दुरुस्त केलं.

पहिले दोन तुकडे मग कुठून आले, ते खोटे का?

खोटे नाहीत. मधल्या तुकड्यातलं 'मॅनचॉग' हे जवळच्या सटन गावातल्या एका वस्तीचं नाव आहे आणि तिथे त्याच नावाचं वेगळं तळं पण आहे. पहिल्या तुकड्याचा अर्थ चाकूवाले किंवा तलवारवाले म्हणजे इंग्रज लोक असा लावतात. सगळं जोडून 'हद्दीवरच्या मासेमारीच्या जागी मॅनचॉगमधले इंग्रज' असं काहीतरी वाक्य होतं. थोडक्यात दोन ठिकाणांची नावं आणि वर पाहुणे, एकाच पाटीवर.

नकाशांमध्ये पण हा प्रवास दिसतो. १८३० च्या मोजणीत तळ्याचं नाव चॉबुनागुंगामॉग, आणि पुढच्याच वर्षी, १८३१ ला, तळ्याला लागून असलेल्या डडली आणि ऑक्सफर्ड या दोन गावांनी जे नकाशे दाखल केले त्यात आधीचे दोन तुकडे. पुढे तिन्ही एकमेकांना चिकटले आणि ४५ अक्षरांची गाडी झाली.

एकाच नावाची इतकी वेगवेगळी स्पेलिंगं का सापडतात?

कारण ज्यांचा शब्द होता त्यांनी तो लिहिला नव्हता, आणि ज्यांनी लिहिला त्यांचा तो शब्द नव्हता. इंग्रज कारकून ऐकायचा आणि कानाला जसं वाटेल तसं उतरवायचा. १६७० च्या दशकात जॉन एलियट या धर्मोपदेशकाने निपमक लोकांची ख्रिस्ती वस्ती इथे बसवली होती, तिचं नाव त्या काळच्या कागदात चाबानाकाँगकोमन असं येतं, आता हे आणि चॉबुनागुंगामॉग शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा, एकच शब्द दोन कानांनी ऐकलाय हे लगेच कळतं.

याच एलियटने शेजारच्या मॅसॅच्युसेट भाषेत पूर्ण बायबल १६६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजला छापून काढलं, ब्रिटिश वसाहतींमध्ये छापलेलं ते पहिलं संपूर्ण बायबल, म्हणजे इंग्रजीच्या आधी तिथल्या स्थानिक भाषेत. आणि ते छापणाऱ्यांत जेम्स प्रिंटर नावाचा एक निपमक माणूस होता. तळ्याशी याचा थेट संबंध नाही, पण हे लोक म्हणजे फक्त विनोदातली पात्रं नव्हती हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ते लोक आता कुठे आहेत?

इथेच आहेत. त्यांच्यातल्या एका गटाच्या नावातच चॉबुनागुंगामॉग आहे. मात्र २००४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने निपमकांच्या दोन्ही गटांना अधिकृत जमात म्हणून मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे ज्यांचा शब्द सरकारी नकाशावर तळ्याचं नाव म्हणून आहे, त्या लोकांनाच तेच सरकार जमात म्हणून ओळखत नाही. याचा मला राग येतो.

वेबस्टर म्हणजे तो डिक्शनरीवाला का? एवढं लांब नाव बघून तसंच वाटतं.

नाही नाही, तो नोआ वेबस्टर. गावाचं नाव डॅनियल वेबस्टरवरून आहे, तो सिनेटर होता आणि भाषणांसाठी प्रसिद्ध होता. १८३२ मध्ये डडली आणि ऑक्सफर्डचे भाग काढून नवीन गाव केलं तेव्हा सॅम्युअल स्लेटर या गिरणीवाल्याने हे नाव दिलं. स्लेटर मूळचा इंग्लंडचा, तिथलं सूतकताईच्या यंत्रांचं ज्ञान डोक्यात ठेवून अमेरिकेत आला आणि इकडे गिरण्या उभ्या केल्या, म्हणून त्याला अमेरिकन औद्योगिक क्रांतीचा जनक म्हणतात. गिरण्या पाण्यावर चालायच्या, त्यामुळे त्याला नदी-ओढ्यांजवळ यायचंच होतं. तळ्याचं पाणी मिल ब्रूक नावाच्या ओढ्याने फ्रेंच नदीत जातं. नुसतं 'वेबस्टर लेक' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, घाईत असाल तर तेच म्हणा.

पाटीवरच स्पेलिंग चुकलं होतं असं ऐकलं, खरं का?

खरं! आणि एक नाही, दोन चुका. २००९ मध्ये हे उघडकीला आलं. २० व्या अक्षराच्या जागी 'यू' पाहिजे होता तिथे 'ओ' पडला होता आणि ३८ व्या जागी 'एन' पाहिजे होता तिथे 'एच'. स्थानिक मंडळींनी मग पाट्या दुरुस्त करायचं कबूल केलं.

मला कौतुक आहे ते चूक शोधणाऱ्याचं. ४५ अक्षरांच्या पाटीसमोर उभं राहून अडतिसावं अक्षर चुकलंय म्हणायला नाव किती जवळून माहीत पाहिजे! मी घरी कागदावर लिहून दोन्ही जागा मोजून बघितल्या, विसावं अक्षर मॅनचॉगमधल्या 'चॉ' चं निघतं आणि अडतिसावं बरोबर त्या 'गुं' वरच्या अनुस्वाराचं. म्हणजे 'एन' चा 'एच' झाला की आपला अनुस्वारच गेला, गुंगाचं 'गुहगा' झालं. उच्चार शिकताना ज्या 'गुं' वर जोर द्या म्हटलं तेच अक्षर पाटीवर बिघडलेलं होतं.

जगातलं सगळ्यात लांब नाव हेच का?

नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेतलं एका टेकडीचं नाव ८५ अक्षरांचं आहे, 'टाउमाटा' ने सुरू होतं. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या एका गावाचं ५८ अक्षरांचं आहे, आणि ते तर १८६० च्या दशकात प्रवाशांनी स्टेशनला यावं म्हणून मुद्दाम वाढवलेलं. पण तळ्यांमध्ये चॉबुनागुंगामॉगच्या पूर्ण नावाला तोड देणारं मला तरी दुसरं माहीत नाही. मेन राज्यात मूसलूकमेगुंटिक नावाचं तळं आहे, ते पण मासेमारीसाठी नावाजलेलं, पण १७ अक्षरांत संपतं.

या नावावर गाणं आहे म्हणे?

आहे. १९५४ मध्ये एथेल मर्मन ही अमेरिकन गायिका-अभिनेत्री आणि रे बोल्जर हा नट-नर्तक यांनी रेकॉर्ड केलंय.

बरं, नाव पुरे. मासे कुठले मिळतात?

लार्जमाउथ बास आणि स्मॉलमाउथ बास ही दोन मोठी नावं, लोक मुख्यतः त्यांच्यासाठीच येतात. त्याशिवाय चेन पिकरेल, लांबट तोंडाचा, दातवाला, अंगावर साखळीसारखी नक्षी असते म्हणून चेन. यलो पर्च, ब्लूगिल, क्रॅपी, बुलहेड. लहान मुलांना घेऊन गेलात तर ब्लूगिल आणि पर्च यांच्या मागे लागा, छोट्या गळाला गांडूळ लावलं तरी येतात आणि पोरं कंटाळत नाहीत.

तळं फार खोल नाही, सरासरी १३ फूट आणि सगळ्यात खोल जागी ४५ फुटांच्या आसपास. ४५ अक्षरं आणि ४५ फूट, हा योगायोग मला फार गोड वाटतो, फुटाला एक अक्षर. किनारा मात्र १७ मैलांचा, आत-बाहेर वळत गेलेला, आणि मधे बेटं, त्यामुळे नुसत्या क्षेत्रफळावरून वाटतं त्यापेक्षा बसायच्या आणि गळ टाकायच्या जागा खूप जास्त.

लायसन्स लागतं का?

१५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याचं गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं लायसन्स लागतं, १५ ते १७ वयाला फुकट मिळतं पण घ्यावं लागतं. त्याहून लहान पोरांना नाही. ऑनलाइन निघतं. बास १२ इंचापेक्षा लहान असला तर परत सोडायचा, पिकरेलसाठी १५ इंच, आणि दिवसाला दोन्हींची मर्यादा पाच-पाच. निघायच्या आधी त्या वर्षीचे नियम एकदा बघून घ्या.

एक नियम लोक हमखास विसरतात. गळाला लावायची शिशाची वजनं, एक औंसापेक्षा हलकी असतील तर २०१२ पासून राज्याच्या सगळ्या गोड्या पाण्यात बंद आहेत. कारण लून नावाचे पक्षी ती खड्यांसारखी गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. जुन्या डब्यात वडिलांच्या वेळची वजनं पडलेली असतात, ती आणू नका, कथलाची किंवा स्टीलची मिळतात ती घ्या.

धरलेले मासे खायचे का?

मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य खात्याची पूर्ण राज्यासाठीच सूचना आहे की १२ वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, पुढे गरोदर राहू शकणाऱ्या बायका आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी इथल्या नद्या-तळ्यांत धरलेले मासे खाऊ नयेत, पाऱ्यामुळे. सरकारने सोडलेल्या ट्राउटला यातून सूट आहे. पारा हवेतून पाण्यात येतो आणि मोठा मासा लहान माशाला खात जातो तसा मोठ्यात साठत जातो, म्हणून सगळ्यात मोठा बास फोटोपुरता हातात घ्या आणि परत सोडा. तो पुढच्या वर्षी अजून मोठा झालेला भेटेल.

हिवाळ्यात काय?

जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ धरला की लोक त्यावर चालत जातात, ऑगर नावाच्या गिरमिटाने भोक पाडतात आणि त्यावर टिप-अप लावतात, म्हणजे एक छोटा सांगाडा, मासा लागला की त्याचा झेंडा टक्कन वर उभा राहतो. पाच-सहा भोकं लांब लांब पाडलेली, माणसं मधे थर्मासमधली कॉफी पीत उभी, आणि एकदम कुठेतरी केशरी झेंडा वर! सगळे बुटांनी घसरत तिकडे पळतात. माझा सगळ्यात आवडता सीझन हाच. पण एका माणसाला चालायला निदान चार इंच निव्वळ, पारदर्शक बर्फ पाहिजे, आणि या तळ्याचे भाग जिथे अरुंद गळ्यांनी एकमेकांना जोडलेत तिथे पाणी वाहतं म्हणून बर्फ पातळ राहतो. तिथे अजिबात जायचं नाही.

तळ्याचे भाग म्हणजे?

वरून बघितलं तर हे एक तळं नाहीच, तीन आहेत. नॉर्थ पाँड, मिडल पाँड आणि साउथ पाँड, एकाखाली एक, मधे चिंचोळ्या वाटा. म्हणजे विनोदातली 'एक बाजू', 'दुसरी बाजू' आणि 'मधलं' हे सगळं या तळ्यात खरोखर आहे. मधल्याला नावच मिडल आहे!

मग त्या मधल्या भागात मासे धरले तर चालतं ना?

चालतं. आणि ही परवानगी विनोदापेक्षा जवळजवळ तीनशे वर्षांनी जुनी आहे. १६४१ आणि १६४७ च्या वसाहतीच्या कायद्यांनी दहा एकरांपेक्षा मोठं प्रत्येक नैसर्गिक तळं लोकांचं ठरवलं, त्याला 'ग्रेट पाँड' म्हणतात, आणि तिथे मासे धरायचा हक्क सगळ्यांना दिला. तो कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये आजही चालतो. हे तळं हजार एकरांहून मोठं आहे, त्यामुळे काठावरची घरं आणि धक्के खाजगी असले तरी पाणी कुणा एकाचं नाही, उत्तरेचं नाही, दक्षिणेचं नाही आणि मधलं तर नाहीच.

तेव्हा सार्वजनिक जागेवरून बोट पाण्यात सोडा, सोडायच्या आधी आणि बाहेर काढल्यावर तिला चिकटलेल्या गवत-वेली धुऊन टाका म्हणजे एका तळ्यातली घाण दुसऱ्यात जात नाही, मिडल पाँडच्या बरोब्बर मधे जाऊन थांबा आणि गळ सोडा. शेजारची बोट जवळ आली तर हात करा आणि काय लागलं विचारा. आम्ही गेल्या वेळी असंच थांबलो होतो, तर पलीकडच्या बोटीतल्या आजोबांनी स्वतःहून शायनर नावाचे दोन छोटे जिवंत मासे दिले आमिषाला, आणि पोरीला म्हणाले आधी तळ्याचं पूर्ण नाव म्हणून दाखव. तिने म्हटलं. 'गुं' सकट.